फिरत्या रंगमंचाचा हिवाळा

धान कापून झाला की आमच्याकडची जमीन एकदम मोठी दिसायला लागते. कालपर्यंत पिवळ्या लोंब्यांना अडणारी नजर आज रिकाम्या बांध्यांवरून, धानाच्या त्या बांधलेल्या शेतांवरून, थेट जंगलाच्या कडेपर्यंत जाते. मध्ये कुठं कुठं रचून ठेवलेली धानाची पुंजणी, त्यांच्या सावलीत बसलेली कुत्री. दरवर्षी दिवाळीनंतर चार दिवस मी पुण्याहून नागभीडला येते. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की आधी तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास येतो, किंचित ओलसर, किंचित गोड. मग भिंतींवरची पोस्टरं दिसतात. आमच्या झाडीपट्टीत कापणी आणि नाटक ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. धान घरात आला की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईला नाटक लागतं, आणि नाटक लागलं की जावई, लेकी, पाहुणे सगळे घरात मावेनासे होतात.

यंदाही पोस्टरं होती. रिक्षात बसता बसता एकावर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘फिरता रंगमंच’ असं वाचलं आणि हातातली बॅग तशीच धरून मी उभी राहिले. रिक्षावाला म्हणाला, “बसा ना वो ताई.” त्याला काय सांगणार? आता ते शब्द कुणी मोठ्या अक्षरांत छापतही नाही. पण एका हिवाळ्यात त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली होती.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. चंद्रपूरला पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता, आणि वर सहा महिन्यांचा कॅडचा कोर्स. आमच्या वस्तीतली पहिलीच मुलगी म्हणून विहारात माझा सत्कारही झाला होता. हार घालणाऱ्या काकांनी मला विचारलं होतं, “पोरी, हे कॅड म्हनजे काय असते?” मी त्यांना म्हणाले होते, कम्प्युटरवर मशीन काढायची. त्यांनी मान डोलावली. बाबा पोस्टमन होते. ते पत्रं वाटता वाटता ही बातमीही वाटत फिरले असणार.

नोकरी मिळाली ती वडशाला, राइस मिलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. मालक रमेशभाऊ. त्यांनी हौसेनं कम्प्युटर घेतला होता आणि तो चालवणारं कुणी नव्हतं. रोज सकाळी नागभीडहून पॅसेंजरनं वडशाला जायचं, संध्याकाळी परत. वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची खोली करून दिली होती. बाहेर ग्राइंडरच्या ठिणग्या, वेल्डिंगचा उजेड, हातोड्याचे ठोके. आत मी, कम्प्युटर आणि उदबत्ती लावलेला त्याचा स्टॅबिलायझर.

बाहेरच्या जगाचे राजे होते महादेवभाऊ. साठीला आलेले फिटर. ब्रह्मपुरीच्या पलीकडच्या एका तलावकाठच्या गावचे, घरची मासेमारी; पण तरुणपणी ते मिलच्या कामाला लागले आणि लोखंडातच राहिले. बोटांनी चाचपून शाफ्ट किती झिजला ते सांगायचे. मी आले तेव्हा शॉपमध्ये एक बोलणं फिरत होतं, की कम्प्युटरवर सगळं आधीच जुळलं तर जुळवणाऱ्या माणसाचं काम काय उरणार? माझ्यापर्यंत ते बोलणं उशिरा पोचलं. महादेवभाऊ माझ्याशी का बोलत नाहीत, ते तोवर मला कळत नव्हतं.

त्या वर्षी पोळ्यानंतर कुंदाबाई वर्कशॉपमध्ये आल्या. कुंदाबाई म्हणजे वडशाच्या एका नाटकमंडळीच्या मालकीण. तरुणपणी नायिका, आता आईच्या भूमिका करायच्या आणि कंपनीही चालवायच्या. आवाज असा, की ग्राइंडर चालू असूनही पहिलं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

“रमेशभाऊ, मले फिरतं स्टेज पायजे.”

त्यांचं म्हणणं साधं होतं. एक प्रवेश संपला की पडदा पडतो. घराचं जंगल करायला पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात लोक उठतात, चहाला जातात, आणि सगळा रंग उतरतो. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला जंगल, असं गोल स्टेज असलं की अर्धं फिरवलं, काम झालं. अट एवढीच: सगळं एका ट्रकात मावलं पाहिजे, सकाळी गावात उतरवून दुपारपर्यंत चार माणसांनी उभं केलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सोडवून पुढच्या गावी नेलं पाहिजे.

“होईन का?” त्यांनी विचारलं.

रमेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी “होईल” म्हणाले. तेवीस वर्षांची असताना ‘होईल’ म्हणणं फार सोपं असतं.

कॅडमधलं असेंब्लीचं, म्हणजे सुटे भाग जोडून यंत्र उभं करण्याचं काम मला मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं. एकेक भाग आधी वेगवेगळा काढायचा: चाक, खुंटा, चौकट, पट्टी. मग सगळे एका मोकळ्या जागेत आणून एकमेकांत बसवायचे. जो भाग तुम्ही पहिल्यांदा आणता तो आपोआप जागेवर खिळतो. बाकीचे तरंगत असतात. माउसनं धरा, ओढा, गरगर फिरवा. मग त्यांना एकेक अट घालायची. ह्या भोकाची रेष त्या खुंट्याच्या रेषेत. हा तळ त्या पृष्ठावर. प्रत्येक अटीबरोबर त्या भागाची थोडी हालचाल जाते. सगळी काढून घेतली की तो मुका होतो. एकच ठेवली की तेवढीच करतो. चाक फक्त गोल फिरतं, दार फक्त उघडतं आणि मिटतं. कुणाकडून किती मोकळीक काढून घ्यायची आणि कोणती त्याच्यापाशी ठेवायची, सगळं कौशल्य एवढ्यात आहे. त्या वयात मला हे फार मोठं ज्ञान वाटायचं. लग्न, संसार, नोकरी, सगळीकडे मी ते लावून बघायची.

मी वीस फुटांचं गोल स्टेज काढलं. भाकरीचे आठ तुकडे करावेत तशा आठ पाकळ्या, मधे एक जाड खुंटा, खाली चाकं, आणि चाकांना धावायला जमिनीवर लोखंडी पट्टीचं कडं. एक दिवस मी एक चाक पडद्यावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत होते. मागून आवाज आला.

“हे चाक कुठी चाल्लं वो बाई?”

महादेवभाऊ दारात उभे होते. पहिल्यांदाच.

“जागेवर नेतेय, भाऊ.”

“चौकटीतून गेलं ना ते. लोखंडातून लोखंड गेलं.”

“इथं जातं. नंतर बसवताना बरोबर बसतं.”

“इथी जात असन,” ते म्हणाले. “आमच्या हातानं तं नाई जात.” आणि निघून गेले. बाहेर कुणीतरी हसलं. मी दार लावून घेतलं.

दसऱ्याच्या सुमाराला माझी असेंब्ली पुरी झाली. मी माउसनं एक पाकळी धरून ओढली आणि अख्खं स्टेज लोण्यासारखं फिरलं. रमेशभाऊ खूश. कुंदाबाईंना बोलावलं. त्यांनी कमरेला पदर खोचून माउस हातात घेतला, तो उचलून हवेत फिरवला, मग मी त्यांचा हात टेबलावर टेकवला. स्टेज हललं तशी त्या लहान मुलीसारखी हसल्या. “अवो बाप्पा, फिरून राह्यलं!” त्याच दुपारी त्यांनी पोस्टरं छापायला टाकली. वर मोठ्या अक्षरांत ‘फिरता रंगमंच’ आणि खाली नाटकाचं नाव त्याहून लहान. पहिला प्रयोग एका मोठ्या गावच्या मंडईला ठरला.

सगळे गेल्यावर महादेवभाऊ आत आले. पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. मग मधल्या खुंट्यापाशी, जिथं आठही पाकळ्या एकत्र येत होत्या, तिथं बोट ठेवलं.

“हे बोल्ट खालून कसाचे हायेत?”

“हो.”

त्यांनी खिशातून पाना काढला आणि काचेवर आडवा धरला. “पाना फिरायले जागा कुठी हाय? आन ज्याच्या हातात पाना हाय तो मानूस कुठी बसन?”

मी मोजून पाहिलं. आठ बोल्ट, प्रत्येकाला चार बोटांची जागा. माझ्या असेंब्लीत सगळे भाग होते, ते बसवणारा हात नव्हता. मला हे मान्य करायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, “भाऊ, तुम्हाला ह्यातलं कळत नाही.”

त्यांनी पाना खिशात टाकला आणि गेले. माझ्या बाबांच्या वयाचा माणूस. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. बाहेर कापणीला आलेला धान, मधूनच एखादं तळं, त्यात जाळं टाकून उभं असलेलं कुणीतरी. आपण खोटं बोललो ह्यापेक्षा, आपण ते किती सफाईनं बोललो ह्याची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम केलं ते पाना काढण्याचं. खरा मोजून, तेवढाच. तो असेंब्लीत आणला, बोल्टवर बसवला आणि फिरवायला गेले. वीतभरही फिरेना, चौकटीत घुसला. मी उठून बाहेर गेले. महादेवभाऊ लेथपाशी होते.

“भाऊ, पाना फिरत नाही,” मी म्हणाले. “काल मी चुकीचं बोलले.”

त्यांनी चिंधीला हात पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “चाल. दाखव.”

आणि मग ते पंधरा दिवस. पोटाशी धरून ठेवावेत असे दिवस आयुष्यात थोडे असतात, त्यातले ते आहेत. प्लायवूडच्या खोलीत त्यांच्यासाठी एक स्टूल आलं. मी माउस धरायची, ते सांगायचे. “पह्यले खुंटा उभा कर. आता ही पाकळी आन. वरून नाई वो, वरून कोन उचलन? बाजूनं आन. सरकव. अडली? मंग आता दुसरी कुठी ठेवतं ते पाह्य.” ट्रकातून जसे भाग उतरतील तसेच ते पडद्यावर आणायचे, असा त्यांचा नियम. कुठलाही भाग दुसऱ्यातून जाऊ द्यायचा नाही. मी कंटाळून शॉर्टकट घेतला की ते टेबलावर बोट वाजवायचे. बोल्ट गेलेच. त्यांच्या जागी पाकळीला जीभ आणि वरून ठोकायची खीळ आली, बैलगाडीला असते तशी. एक हातोडा आणि दोन माणसं, काम झालं. “बोल्ट चिखलात हरपते,” ते म्हणाले. “खीळ हरपली तं गावातला लोहार देईन.”

एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, “हे सगळं जमलं का मंग आमचं काम नाई ना?”

त्या दिवशी मला त्यांच्या अबोल्याचं कारण कळलं. मी म्हणाले, “भाऊ, तुमच्याशिवाय हे माझं कुठं जमून राह्यलं?” हे बोलताना माझी भाषा बदलली होती, ते मला नंतर जाणवलं. वर्कशॉपमध्ये मी मुद्दाम पुस्तकी बोलायची. चंद्रपूरच्या कोर्सला लागलेली सवय. त्या खोलीत ती हळूहळू गळत गेली.

शॉपमध्ये लोखंड कापून, वेल्डिंग करून सगळे भाग तयार झाले, आणि मंडईच्या दिवशी सकाळी ट्रकाबरोबर मी आणि महादेवभाऊ गावात पोचलो. कापून झालेल्या एका मोठ्या बांधीत नाटकाचा मांडव पडला होता. पायाखाली धानाची खुंटं टोचत होती. बायका आतापासूनच येऊन समोर पोत्यांचे बोरे आणि चटया अंथरून जागा धरत होत्या. कडं टाकलं, खुंटा रोवला, एकेक पाकळी सरकवत आणली, वरून खिळा ठोकल्या. खरंच, ज्या क्रमानं कम्प्युटरवर बसलं होतं त्याच क्रमानं बसलं. दुपार व्हायच्या आत स्टेज उभं. चौघांनी ढकललं आणि ते फिरलं. चटया अंथरणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले.

मग एका बाजूला घर लागलं, एका बाजूला जंगल. कुंदाबाई आणि कंपनीतली सहा माणसं तालमीसाठी वर चढली. पुन्हा ढकललं. पाव वेढा गेलं, आणि कर्र करून थांबलं. जंगलाची बाजू हातभर खाली गेली. समोरची पाकळी वर उचलली गेली, घराची भिंत कलली आणि कुंदाबाई उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या. कुणीतरी ओरडलं. त्या म्हणाल्या, “लागलं नाई मले, लागलं नाई,” पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. गावभर पोस्टरं होती. आजूबाजूच्या दहा गावांतून बैलगाड्या निघाल्या असतील.

मी खाली वाकून पाहिलं. बांधीचा तो कोपरा अजून ओला होता. वरून वाळलेला, खाली लोणी. माणसांचं वजन पडताच कडं मातीत रुतलं होतं. आणि मला माझी असेंब्ली आठवली. मी सगळ्यात आधी जमिनीवरचं कडं आणलं होतं. पहिला भाग. आपोआप खिळलेला. बाकी प्रत्येक गोष्ट मी हलवून पाहिली होती. ते कडं हलू शकतं हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“मायी चूक हाय,” मी म्हणाले. सगळ्यांसमोर. “जमीन खचन हे मी धरलंच नोतं.”

कुंदाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या काय बोलणार होत्या ते मला कधीच कळलं नाही, कारण महादेवभाऊ मधे बोलले.

“चूक कोनाची ते उद्या पाहू. आज उजेड किती हाय?”

चपला काढून ते अनवाणी त्या बांधीत चालायला लागले. दर दोन पावलांवर टाच रोवून बघायचे. तळ्याच्या काठी वाढलेला माणूस. ओली जमीन त्यांना पायानं कळायची. “इथपासून इथवर पोकळ हाय,” त्यांनी काडीनं रेघ मारली. “मुरूम पायजे. आन फळ्या.”

रस्त्याच्या कामासाठी गावाबाहेर मुरमाचा ढीग पडला होता. सरपंच म्हणाले, न्या, मी पाहतो. आधी कंपनीची माणसं गेली. मग चटया अंथरलेल्या बायका पदर खोचून उठल्या. “आमी काय नुसतं पाहाले आलो का?” म्हणत त्यांनी घमेली घेतली. मीही घेतलं. पांढऱ्या सलवार-कमीजवर लाल मुरूम सांडत होता. कुणी घराच्या दाराच्या फळ्या काढून आणल्या, कुणी खाचराच्या, म्हणजे बैलगाडीच्या. ओली बाजू खणली, मुरूम भरला, धुमसानं ठोकला, वर फळ्या. गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. एका टोकाला महादेवभाऊ, दुसऱ्या टोकाला मी, आणि नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं येईपर्यंत आम्ही कड्याभोवती वाकून वाकून फिरलो. “आता दोन बोटं वर घे. बस. थांब.” तोच आवाज, तेच शब्द, फक्त आता माझ्या हातात माउस नव्हता, पहार होती.

सूर्य टेकला तेव्हा कुंदाबाई पुन्हा वर चढल्या. एकट्या. म्हणाल्या, “फिरवा.” त्यांनी डोळे मिटले होते. स्टेज पुरतं एक वेढा फिरलं आणि थांबलं. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, “काऊन थांबलं? अडलं का?” महादेवभाऊ म्हणाले, “नाई वो बाई. पोचलं.”

प्रयोग झाला. पहिला प्रवेश संपला, घर गेलं आणि त्या जागी जंगल आलं, तेव्हा अख्ख्या मांडवानं माना उंचावल्या. मग शिट्ट्या सुरू झाल्या आणि एका म्हाताऱ्यानं उभं राहून फर्मावलं, “अजून एक डाव फिरवा!” नाटक थांबवून फिरवावं लागलं. कुंदाबाईंनी त्या म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि मग पुढचं वाक्य म्हटलं. ते स्टेज होळीपर्यंत कुठं कुठं गेलं, नागभीड, सिंदेवाही, कुरखेडा. मी हिशोब ठेवला नाही.

आज त्यातलं काय आहे? वर्कशॉपच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. राइस मिलना नवी यंत्रं बाहेरून येऊ लागली आणि रमेशभाऊंनी दोन वर्षांत शटर ओढलं. मी पुण्याला गेले. कुंदाबाई मुलीकडे राहतात, गुडघ्यांनी हैराण आहेत, फोनवर आवाज तसाच. महादेवभाऊ गावी परतले आणि शेवटची काही वर्षं तळ्यावर जात राहिले. ते गेले तेव्हा मला आठ दिवसांनी कळलं. पुण्यात नव्या मुलामुलींना शिकवताना मी अजून म्हणते, कोण बसवणार ते आधी सांगा. त्यांना वाटतं हे एखाद्या पुस्तकातलं असेल.

त्या होळीनंतरची एक दुपार आहे. पाकळ्या दुरुस्तीला परत आल्या होत्या. मी नवा नकाशा केला होता: कड्याला स्क्रूचे आठ पाय, प्रत्येक स्वतंत्र वर-खाली होणारा. चंद्रपूरहून मोठा कागद छापून आणला आणि शॉपच्या जमिनीवर पसरला. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. आखणी कुणाची, तपासणी कुणाची. तपासणीपुढं नेहमी रमेशभाऊंचं नाव जायचं. ह्या वेळी मी त्यांना विचारून बदललं होतं.

महादेवभाऊंनी चष्मा लावला. पाय बघितले, खिळा बघितल्या, बोट फिरवत फिरवत कोपऱ्यात आले. चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर अक्षर जुळवत वाचलं. “त-पा-स-णी. म-हा-देव-भाऊ.”

उकिडवे बसूनच त्यांनी त्या नावावरून पुन्हा बोट फिरवलं. मग वर बघून म्हणाले, “आडनाव नाई टाकलं काऊन?”

इतके महिने रोज ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांचं आडनाव मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

“सांगा ना भाऊ,” मी म्हणाले.

ते उठले, माझ्याबरोबर आत आले आणि खुर्चीच्या मागं उभे राहिले. हात चिंधीला पुसले, जणू त्यांनाच टाइप करायचं होतं.

“मारबते,” ते म्हणाले. “महादेव सीताराम मारबते. बापाचंबी टाक.”

मी टाकलं. त्यांनी एकेक अक्षर वाचून पाहिलं, आणि मग म्हणाले, “आता बरोबर हाय.”